सात पॉइंट चार

“सात पॉइंट चार?” मगदूम सरांनी माझं जर्नल दोन बोटांत उचललं आणि सगळ्या वर्गाला दिसेल असं धरलं. “बघा रे, लोहारबाईंनी नवीन पितळ शोधून काढलंय!”

वर्ग हसला. हसणारच की! प्रॅक्टिकलच्या तासाला हसायला एवढंसं कारण पुरतं, आणि त्या दिवशी ते कारण मी होते. वैजयंती शामराव लोहार, अकरावी सायन्स, वर्गातल्या मोजून सहा मुलींपैकी एक.

प्रयोग म्हणाल तर अगदी सोपा होता. भरीव सिलिंडरची घनता काढायची. व्हर्नियरनं लांबी मोजायची, व्यास मोजायचा, त्याच्या निम्मी त्रिज्या. त्यावरून आकारमान काढायचं. मग सिलिंडर तराजूत टाकून वस्तुमान बघायचं, आकारमानानं भागायचं, झालं. पितळेची घनता आठ पॉइंट चार असते हे पुस्तकात छापलेलं होतं, आणि पुस्तक न उघडणाऱ्यांसाठी सरांनी ते फळ्यावरही लिहून ठेवलं होतं.

“त्रिज्येच्या जागी व्यास घातलास काय?” सरांनी विचारलं.

“नाही सर.”

“हां, तसं केलं असतंस तर उत्तर चौथाईवर आलं असतं. मग व्हर्नियरचा झिरो एरर?”

“बघितला सर. नाहीये.”

“म्हणजे वजन चुकलं.”

“तीनदा केलं सर.”

“तीनदा चुकलं.” सरांनी खोक्यातून दुसरा सिलिंडर काढून माझ्यासमोर ठेवला. “हा कर. माझ्यादेखत.”

मी केला. उत्तर आलं सात पॉइंट सहा. सरांनी तिसरा दिला. त्याचं आलं सात पॉइंट नऊ. आता वर्ग हसायचाही थांबला होता, सगळे गंमत बघायला टेबलाभोवती जमले होते.

“एकच पितळ, तीन उत्तरं!” सर म्हणाले. “अगं, गेल्या वर्षीच्या अख्ख्या बॅचला ह्याच सिलिंडरांवर आठ पॉइंट चार आलंय. सगळ्यांना! आणि तुलाच बरं सात येतं? बापानं सोन्यासारखे सिलिंडर करून दिले शाळेला, आणि पोरीला ते मोजता येईनात. लाज वाटायला पाहिजे.”

वाटत होतीच. कारण ते सिलिंडर खरंच आप्पांनी दिलेले होते. आदल्या वर्षी शाळेच्या प्रयोगशाळेत धड साहित्य नाही असं कळल्यावर आप्पांनी आपल्या कारखान्यात पितळेचे चकचकीत सिलिंडर करून खोकंभर शाळेला भेट दिले होते. पंधरा ऑगस्टला त्यांचा सत्कार झाला होता. शाल, नारळ, फेटा, आणि फळ्यावर रंगीत खडूनं ‘दानशूर उद्योजक’. आमचा कारखाना म्हणजे उद्यमनगरातली एक पत्र्याची शेड, एक भट्टी, दोन लेथ. पण आप्पा त्या दिवशी असे ताठ चालत होते की डोक्यावर तेलाची बाटली ठेवली असती तरी तेल हललं नसतं!

“दिवाळीनंतर ज्यांचं जमत नाही त्यांना मी आर्ट्सला पाठवतो, तुला माहीत आहे,” सर म्हणाले. “उद्या वडलांना घेऊन ये.”

मगदूम सर वाईट नव्हते हो. गरीब पोरांना घरी बोलावून फुकट शिकवायचे. पण एकदा एखाद्याला ‘जमत नाही’ म्हणाले की त्यांचं ते मत देवालाही बदलता आलं नसतं. आणि मला आर्ट्सला जायचं नव्हतं. मला पॉलिटेक्निकला जाऊन डिप्लोमा करायचा होता. आप्पा तर गिऱ्हाइकांना आतापासूनच सांगायचे, “ही आमची इंजिनीअर.” आई मात्र वाटच बघत होती. सायन्स सुटलं की पोरगी घरात बसली, आणि घरात बसली की स्थळं बघायला मोकळे, असा तिचा सरळ हिशेब होता.

सर पुढच्या टेबलाकडे गेले तशी माझी जोडीदारीण नसीम मुजावर कानाशी लागली.

“येडी का खुळी गं तू? तुला खरंच मोजायला कुणी सांगितलं?”

“मग काय करायचं?”

“आधी उत्तर लिहायचं. आठ पॉइंट चार. त्याला आकारमानानं गुणायचं. जे आलं ते वजन. गेल्या वर्षी माझ्या भावानं तसंच केलं, त्याच्या सगळ्या वर्गानं तसंच केलं.”

“मग तराजू कशाला ठेवलाय?”

“सर आले की हलवायला,” नसीम म्हणाली, आणि तिनं खरंच तराजूची दांडी बोटानं हलवून दाखवली.

माझा स्वभाव तेव्हापासूनच कजाग. मला हसू आलं नाही, उलट डोकं फिरलं. मी सरांकडे जाऊन म्हणाले, “सर, एक सिलिंडर घरी न्यू का? आप्पांच्या मायक्रोमीटरनं मोजून आणते.”

“ने बाई, ने,” सर म्हणाले. “बापाकडून शिकून ये.”

मी तडक कारखान्यात गेले. गडी जेवायला गेलेले, आप्पा एकटेच लेथवर होते. आप्पा कामाला किती कडक हे उद्यमनगरात कुणालाही विचारा. एखादा जॉब एक सूत इकडंतिकडं झाला तर गड्याच्या अंगावर फेकायचे. त्यामुळे मला वाटलं होतं, आप्पा सिलिंडर हातात घेतील, मोजतील, मला दोन शिव्या घालून माझी चूक दाखवतील, नाहीतर सरांना दोन शिव्या घालून त्यांची.

मी सगळं सांगितलं. सात चार, सात सहा, सात नऊ. आप्पा ऐकत होते. सिलिंडर त्यांनी हातात घेतला, तळव्यावर लोळवला आणि मोजलाच नाही.

“आठ पॉइंट चार लिही की,” ते म्हणाले.

“आं?”

“सगळी लिहित्यात न्हवं? मग तू बी लिही. कशाला मास्तरासंगट वाद घालतीस?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “आप्पा, मी मोजलंय. तीनदा मोजलंय. खोटं लिहू?”

“खोटं म्हंजे काय? पुस्तकात आठ पॉइंट चार हाय, तू आठ पॉइंट चार लिहायचं.”

“मायक्रोमीटर द्या मला. आणि तुमचा वजनकाटा. मी आत्ता करून दाखवते.”

“वैजू, ऱ्हाऊ दे.”

“नाही राहू देत!” मी म्हणाले आणि मायक्रोमीटरचा डबा घ्यायला स्वतःच कोपऱ्यातल्या फळीकडे गेले.

फळीच्या खाली रिजेक्ट मालाचा ढीग होता. लाल रंगाचे फराटे मारलेले पितळेचे रॉड, ओतून काढलेले, परत आलेले. त्यातला एक रॉड मधून कापलेला होता. बाहेरून बघावं तर चांगला घट्ट, आणि कापलेल्या तोंडाशी, बरोबर मध्ये, खायचं बोर मावेल एवढी काळपट पोकळी. मी खाली बसले आणि त्या पोकळीत बोट घातलं. बोट आरामात आत गेलं.

कारखान्यात वाढलेल्या पोरीला ब्लो होल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ओतताना धातूच्या पोटात हवा अडकली की तिथं पोकळी राहते. वरून लेथवर कितीही गुळगुळीत करा, आतली पोकळी आतच. वजन तेवढं कमी भरणार. प्रत्येक रॉडातली पोकळी वेगळी, म्हणून प्रत्येकाचं उत्तर वेगळं. सात चार, सात सहा, सात नऊ.

मी मागं वळून बघितलं. आप्पांनी लेथ बंद केला होता.

“शाळेचे सिलिंडर ह्यातले?” मी विचारलं.

“पंपाच्या कारखानेवाल्यांनी सगळा लॉट परत पाठवला,” आप्पा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या चिंधीनं बोटं पुसत होते. “परत वितळवायचं म्हंजे पुन्यांदा भट्टी लावा, पुन्यांदा ओता. म्हटलं, तोवर शाळंला लागत्यात तर देऊया ह्यातलंच चांगलं बघून. पोरांनी मोजायचं तर हाय. लांबी बरोबर हाय, जाडी बरोबर हाय. आतलं कोण बघाय चाललंय?”

“आप्पा, आतलंच तर बघायचं असतं! घनता काढायची म्हणजे दुसरं काय असतं?”

“ते मला काय ठावं?” आप्पा म्हणाले. मग स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा बघून मला कसंतरीच झालं. घरात आम्हा सगळ्यांवर ओरडणारा माणूस असा खाली मान घालून बसलेला मी कधी बघितला नव्हता.

“शाल घेतली मी,” ते हळू आवाजात म्हणाले. “फेटा बांधून घेतला.”

मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. यातलं काहीच केलं नाही. नुसती म्हणाले, “सरांनी उद्या तुम्हाला बोलावलंय.”

“येतो,” आप्पा म्हणाले. “येतो आन् सांगतो सरांस्नी, माल असा हाय म्हणून. माझ्या चुकीपायी तुझं सायन्स सुटायला नगं. झालं ते झालं.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. आप्पा बोलले म्हणजे करणार. घरी जाताना मी मनातल्या मनात मगदूम सरांचा चेहरा बघत होते. पोरीला उगाच बोललो म्हणणारे मगदूम सर. काय सांगू, त्या संध्याकाळी मी आईला गुणगुणत भाकऱ्या भाजून दिल्या. आईनं कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं!

दुसऱ्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून प्रयोगशाळेच्या दारात आले तेव्हा प्रॅक्टिकल चालू होतं. त्यांना बघताच सर लगबगीनं पुढं झाले.

“या, या, लोहारसाहेब! अरे, खुर्ची आणा. चहा सांगा.” मग वर्गाकडे वळून, “पोरांनो, उभे राहा. तुम्ही ज्याच्यावर शिकताय ते सिलिंडर ह्यांनी दिलेत.”

सगळा वर्ग उभा राहिला. कुणीतरी “नमस्ते सर” म्हणालं, मग सगळेच म्हणाले. आप्पांना आयुष्यात कुणी ‘सर’ म्हणालं नव्हतं. त्यांनी घाईनं हात जोडले. आप्पांच्या मानेवरून घाम ओघळलेला मला माझ्या टेबलावरून दिसत होता.

“पोरगी हुशार आहे, त्यात वाद नाही,” सर खुर्ची ओढून बसले. “पण हात स्थिर नाही. गेल्या वर्षीच्या प्रत्येक पोराला बरोबर आलेलं उत्तर हिला एकदाही येत नाही. बारावीला बाहेरचे परीक्षक येतात. तिथं काय करणार? मी म्हणतो, वेळेत आर्ट्सला घालू.”

“सर, त्याचं असं हाय,” आप्पा म्हणाले.

नसीमनं माझ्याकडे बघितलं, कारण मी तिचा हात गच्च धरला होता.

“ते सिलिंडर जरा...”

“सिलिंडर तर एक नंबर!” सरांनी एक सिलिंडर उचलून उजेडात धरला. “अहो, जिल्ह्यात कुठल्या शाळेत नाहीत असे. परवा तपासणीला आलेले साहेब विचारत होते, हे कुठून आणले. मी तुमचं नाव सांगितलं.”

आप्पांनी सिलिंडरकडे बघितलं. मग वर्गाकडे. पोरं अजून त्यांच्याकडेच बघत होती. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सांगा, सांगा आता, अशी.

“सर म्हणत्यात तर बरोबरच असंल,” आप्पा म्हणाले. “पोरीचा हात अजून बसला नसंल.”

वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. उठून ओरडावं, सगळं सांगावं, असंही वाटलं. तोंड उघडलंही होतं. पण समोर खुर्चीच्या काठावर अवघडून बसलेला माझा बाप होता. त्याला पन्नास पोरांसमोर खोटं पाडायचं माझ्या जिभेला झेपलं नाही. मी तोंड मिटलं आणि खाली बघत बसले. माझा हात बसला नाही म्हणे! ज्या हाताला व्हर्नियर धरायला त्यांनीच शिकवलं होतं!

“एवढा एक डाव संधी द्या तिला,” आप्पा म्हणत होते. “आन् हे सिलिंडर मळल्यात. खोकं न्हेतो, पॉलिश मारून आणून देतो.”

“बघा!” सर वर्गाला म्हणाले. “ह्याला म्हणतात शाळेबद्दलची तळमळ.” आणि मला म्हणाले, “ठीक आहे. वडलांच्या शब्दाखातर एकदा. पण शेवटचं.”

तास संपल्यावर खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधून आप्पा सायकल ढकलत निघाले. मी मागून चालत होते. बिनखांबीच्या देवळाचा कोपरा आला. मग आप्पा मागं न बघताच म्हणाले, “बाजारातनं चांगला रॉड आणतो. ओढीव. ओतलेला न्हवं, म्हंजे पोटात पोकळी नसतीया त्याच्या. नवीन करून देतो सगळे.”

“आणि सरांना?”

“बघूया.”

ते ‘बघूया’ म्हणजे काय, हे मला तिथंच कळलं. तरी मी आशा सोडली नव्हती. नवे सिलिंडर तयार करताना आप्पांनी गड्यांना हातही लावू दिला नाही. प्रत्येक स्वतः घासला, प्रत्येक स्वतः मोजला, वजनकाट्यावर टाकून बघितला. एकदा मला हाक मारून म्हणाले, “ते भागाकाराचं कसं करायचं, दाखव की मला.” मी दाखवलं नाही. आईला मदत करायची आहे म्हणून घरी निघून गेले.

पुढच्या प्रॅक्टिकलला खोकं टेबलावर होतं. सर माझ्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले. मी लांबी मोजली, व्यास मोजला, निम्मा केला. वजन केलं. भागाकार करताना मला उत्तर आधीच ठाऊक होतं, तरी मी शेवटच्या आकड्यापर्यंत केला. आठ पॉइंट चार. दुसरा केला. आठ पॉइंट चार.

“वा!” सर ओरडलेच. त्यांना मनापासून आनंद झाला होता. तोच मला जास्त लागला. “बघा रे पोरांनो! ह्याला म्हणतात मेहनत. घरी सराव केला, हात सुधारला. वाजवा टाळ्या!”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. नसीमनं सगळ्यात जोरात वाजवल्या. तिच्या जर्नलमध्येही आठ पॉइंट चारच होतं. जुन्या सिलिंडरांवर होतं, नव्यावरही तेच. तिनं तराजू अजूनही फक्त हलवायलाच वापरला होता. सरांनी माझ्या जर्नलमधल्या जुन्या पानावर, सात पॉइंट चारवर, लाल पेनानं आडवी रेघ मारली, नव्या पानावर सही केली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

“थँक्यू सर,” मी म्हणाले. शहाण्या मुलीसारखी हसलेसुद्धा. त्या वेळी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी पहिल्या दिवशी सगळा वर्ग हसला तेव्हाही वाटली नव्हती.

शाळा सुटल्यावर पाय आपोआप कारखान्याकडे वळले. आप्पा माझी वाटच बघत असावेत. मी दारात दिसताच त्यांनी लेथ थांबवला.

“किती आलं?”

“आठ पॉइंट चार.”

“सर काय म्हणाले?”

“म्हणाले, पोरीचा हात सुधारला. टाळ्या वाजवायला लावल्या सगळ्यांना.”

आप्पांनी तोंड फिरवलं. लेथवरच्या जॉबवर उगाच हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, “तुझा हात पयल्यापासनं चांगला हाय, वैजू.”

“मला माहीत आहे ते,” मी म्हणाले. “सरांना सांगा.”

बाहेर गडी हसतखिदळत चहा पीत होते, तेवढाच आवाज होता.

“न्हाई गं जमत,” आप्पा शेवटी म्हणाले. आवाज इतका बारीक की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. “दारापर्यंत जमतंय. आत गेलं की न्हाई जमत.”

त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही. दप्तर खांद्याला लावलं आणि घरी आले. माझं सायन्स राहिलं. पुढं डिप्लोमाही झाला, पेढे आप्पांनीच उद्यमनगरभर वाटले. पण त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी, शाळेत पालकांची सभा असली तरी मी घरात ती सांगितली नाही. कधी आहे म्हणून आप्पांनीही कधी विचारलं नाही.